घुमीची चवड

आमच्या घुमीचं हे नाव तिच्या बापानंच ठेवलं. बाप म्हणजे माझा थोरला भाऊ, आमचा दादा. तो बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचा आणि घरी आल्यावरही त्याची टकळी सुरूच असायची. मीही त्याचाच भाऊ. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक आहे. अशा दोन बडबड्यांच्या घरात ही पोरगी तोंडाला कुलूप लावून वाढली. वहिनी गेली तेव्हासुद्धा ती कोपऱ्यात बसून बिघडलेला रेडिओ खोलत होती. मला तेव्हा तिचा रागच आला होता.

पुढे ती वजनकाट्यांच्या एका छोट्या कारखान्यात लागली. काट्याच्या आत एक इवलीशी चिप असते. तिनं काय करायचं ते तिच्याच भाषेत, असेंब्लीत, लिहून द्यायचं हे घुमीचं काम. एकेक ओळ म्हणजे एकेक बारीकसा हुकूम: हे उचल, तिथं ठेव, एकनं वाढव. लग्नाचं विचारलं की "बघू" म्हणायची आणि पुन्हा त्यात डोकं खुपसायची.

मग दादाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल. दादा जन्मात पहिल्यांदा गप्प बसला.

घुमीनं कारखान्यातून मोडीत निघालेल्या काट्यातली एक चिप मागून आणली आणि बोलणारी पेटी करायला घेतली. ऑपरेशनआधी दादाच्या आवाजात थोडे शब्द भरून घेतले: पाणी, खिडकी, दुखतंय, जाऊ, नको, असे. एका शब्दाला एक बटण. त्यात 'घुमे' होतं आणि माझं 'धाकट्या'ही होतं. दादानं सगळं घोषणेच्या सुरातच म्हटलं. 'पाणी' ऐकलं की पाणी तिसऱ्या फलाटावर लागतंय असंच वाटायचं. शब्द दाबत जायचं आणि शेवटी लाल बटण दाबलं की पेटी वाक्य बोलणार.

तोवर दाबलेले शब्द ठेवायचे कुठं, हा घोळ होता.

"चिपची स्वतःची एक चवड असते," घुमी मला म्हणाली, "पण मधलं एखादं काम उरकून परत कुठल्या ओळीवर यायचं, तेवढंच तिच्यात राहतं. शब्दांसाठी वेगळी चवड मला हातानं बांधावी लागेल, काका."

तिनं मेमरीतला एक तुकडा राखून ठेवला, आणि सगळ्यात वरचा शब्द कुठं आहे ते सांगणारा एक आकडा. शब्द ठेवला की आकडा एक घर पुढं, काढला की एक घर मागं. चवड भरली तर पेटीनं नवा शब्द घ्यायचा नाही. चवडीत काही उरलं असेल तोवर हिरवा दिवा पेटलेला राहायचा. एवढ्यासाठी पोरीनं कितीतरी रविवार घातले.

ऑपरेशननंतर घरी आल्यावर दादानं पहिलं वाक्य दाबलं: घुमे, पाणी, नको. मग लाल बटण. पेटी खणखणीत आवाजात म्हणाली, "नको पाणी घुमे."

चवडच ती. धुतलेल्या ताटल्यांसारखी, शेवटी ठेवलेली आधी हाताला येणार. काट्यातली आकडेमोड अशाच चवडीवर चालते, त्यामुळे घुमीचा हात सवयीनं तिकडंच वळला होता. ती लाजून लालबुंद झाली.

"उद्या नीट करते, बाबा."

पण दादा इतका हसला, आवाजाविना, की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं हातानं खूण केली: राहू दे. दुसऱ्या दिवसापासून तो शेवटचा शब्द आधी दाबायला लागला.

"जन्मभर सरळ बोलला नाहीस," मी म्हटलं, "आता उलटं बोलतोस तेव्हा कुठं सरळ निघतंय."

त्यानं लगेच बटणं दाबली. "धाकट्या, बडबड नको." 'बडबड' त्यानं खास माझ्यासाठीच भरून ठेवलं होतं.

वर्षभरानं गाठ पुन्हा आली. एका सकाळी त्याला धाप लागत होती आणि कारखान्यात घुमीच्या नव्या काट्याची तपासणी होती. चपला घालता घालता तिनं विचारलं, "जाऊ ना, बाबा?" त्यानं हात हलवला, जा. ती गेली. मी स्वयंपाकघरात दूध तापवत होतो. पेला घेऊन बाहेर आलो तेव्हा दादा संपला होता. पेटी मांडीवर होती, हिरवा दिवा पेटलेला होता आणि त्याचं बोट एका बटणावर टेकलेलं होतं. मी ते उचलून बाजूला ठेवलं.

पाहुणे पांगल्यावर घुमी पेटी घेऊन बसली. लाल बटणाला तिनं हात लावला नाही, कारण ते दाबलं की चवड रिकामी होणार. वायर जोडून तिनं नुसतं आत डोकावून पाहिलं.

"दोनच शब्द आहेत, काका. खाली 'नको', वर 'जाऊ'."

जाऊ नको. वाक्याचा शेवट दाबून झाला होता. कुणाला म्हणायचं, तेवढं राहून गेलं होतं.

"तुम्ही आलात तेव्हा बाबांचं बोट कुठल्या बटणावर होतं?"

ती माझ्या डोळ्यांत बघत होती. एरवी ती कुणाकडं असं बघत नाही. बोट 'घुमे'वर होतं.

"माझ्या," मी म्हटलं. "मी दुधाकडं गेलो ना, म्हणून म्हणत असणार."

तिनं मान हलवली. सावकाश 'धाकट्या' दाबलं, मग लाल बटण.

"धाकट्या, जाऊ नको," दादा खणखणीत आवाजात म्हणाला. हिरवा दिवा विझला. घुमी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडली, आणि मला फार फार वाईट वाटलं, कारण ते वाक्य तिचं होतं.

हल्ली आमच्या घरात घुमीच जास्त बोलते. काका, तुम्ही असे गप्प गप्प का, म्हणून विचारते.