खाटेमागचे नमस्कार

चौबे कॉलोनीतल्या त्या तीन खोल्यांच्या घरात सूर्याची नावं घेणारं माणूस वेगळं होतं आणि नमस्कार घालणारं वेगळं. नावं सासरे घ्यायचे, नमस्कार सून घालायची. दोघांची तोंडं पूर्वेच्या खिडकीकडे. सुनेला दिसायचा तो खाटेचा लाकडी माथा आणि उशीवर विखुरलेले थोडे पांढरे केस. सासऱ्यांना तर तेवढंही दिसायचं नाही. ते ऐकायचे.

वनमाला पुलगावची. लग्न होऊन रायपूरला आली तेव्हा टायपिंगची परीक्षा देऊन आली होती, आणि त्या परीक्षेच्या जोरावर तिला कलेक्टर कचेरीत नोकरी लागली. नवरा शालिग्राम मालगाडीवर गार्ड. सासरे, ज्यांना सगळा मोहल्ला नानाच म्हणायचा, ते रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. सासू लग्नाआधीच गेलेली. घरात सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायची रीत होती आणि ती वनमालानं कधी मोडली नाही. नानांनीही सुनेशी बोलण्याची हौस कधी दाखवली नाही. भाजीत मीठ कमी असलं तर ते ताट दोन बोटं पुढे सरकवायचे, बस्स.

त्यांचं बोलणं व्हायचं ते सूर्याशी. उभा जन्म त्यांनी पहाटे गच्चीवर जाऊन नमस्कार घातले. एक नाव, मग एक नमस्कार, मग पुढचं नाव. आवाज असा खणखणीत की खालच्या गल्लीतही ऐकू जायचा. दूधवाला यादव भांडं घेऊन फाटकाशी उभा राहायचा आणि शेवटचं 'भास्कराय' ऐकू येईपर्यंत हाक मारायचा नाही, कारण मधल्या हाकेला नाना ओ देणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. सुनेनं हे नमस्कार पाहिले होते ते गच्चीवर वाळवण घालायला गेल्यावर, तेही पाठमोरे, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थबकून.

मग नवं राज्य झालं. रायपूर बघता बघता राजधानी झालं. भोपाळहून साहेब आले, त्यांच्यामागून फायली आल्या, कॉलोनीत घरभाडी दुप्पट झाली. नवं मंत्रालय एका जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत भरू लागलं आणि वनमालाची बदली तिथे झाली. ज्या वॉर्डात कधीकाळी खाटा होत्या तिथे आता टाइपरायटर मांडलेले. भिंतींना अर्ध्यापर्यंत तशाच फरश्या. सकाळी गेलेली बाई दिवे लागल्यावर घरी यायची आणि मान वळवली तर हाडं वाजायची.

त्याच वर्षी नानांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

डॉक्टर म्हणाले, त्यांच्याशी बोलत राहा. पण धडधाकट असताना ज्याच्याशी कुणी दोन वाक्यं बोललं नव्हतं त्या माणसाशी आता काय बोलायचं, हे कुणालाच सुचेना. शालिग्राम बापाच्या कानाशी जाऊन ओरडायचा, जणू त्यांचे कानही गेले होते. नात गंधाली कॉलेजातल्या गोष्टी हिंदीतून सांगायची आणि मध्येच गप्प व्हायची. नाना डोळे मिटून घ्यायचे. पाणी हवं असलं तरी तो शब्द त्यांच्या जिभेवर येत नसे.

एके पहाटे वनमाला त्यांच्या खोलीत केर काढत होती. खिडकीतून उजाडू लागलेलं. खाटेवरून आवाज आला, जाड, फाटलेला, पण ओळखू येणारा.

"मित्राय."

तिच्या हातातला झाडू थांबला. तिला वाटलं, आता पुढचं येईल. पण पुढचं येईना. नानांची मान अस्वस्थ हलू लागली, डावा हात चादरीवर आपटू लागला. पुन्हा तेच, "मित्राय." पुन्हा तीच तगमग. काय हवंय ते तिला समजायला जरा वेळ लागला. नाव घेतलं की नमस्कार व्हायला हवा, त्याशिवाय पुढचं नाव येत नाही. जन्मभर तसंच येत गेलं होतं.

तिनं झाडू भिंतीला टेकवला, पदर खोचला आणि खाटेच्या मागे, जिथून ती नानांना दिसणार नव्हती तिथे, शाळेतल्या कवायतीची आणि जिन्यावरून पाहिलेल्याची सरमिसळ करून एक वेडावाकडा नमस्कार घातला. हात जमिनीला टेकले तशा बांगड्या वाजल्या. उठली तशा पुन्हा वाजल्या.

खाटेवरून आलं, "रवये."

त्या दिवशी सगळी नावं झाली. शेवटी वनमाला जमिनीवर बसून धापा टाकत होती आणि नाना रडत होते, पण एकमेकांना ते दोघंही दिसत नव्हते.

शालिग्राम ड्यूटीवरून आला तेव्हा म्हणाला, बायकोनं कशाला, मी घालीन. चार दिवस त्यानं घातलेही. पण मालगाडी कधी बिलासपूरला अडकायची, कधी दुर्गला, आणि सूर्य काही मालगाडीच्या टायमानं उगवत नाही. नेम वनमालाकडेच आला. तिनं गंधालीचा एक ढगळ सलवार-कुर्ता घेतला. जागा मात्र खाटेमागचीच ठेवली. सुनेनं सासऱ्यासमोर तसं वाकायचं नाही, हे कुणी बोललं नाही, ते ठरलेलंच होतं.

नानांची वाचा त्या नावांच्या अवतीभवती परत येऊ लागली, एखादी वेल खांबाला धरून चढावी तशी. पहिली वाक्यं आली ती चुका काढण्याची. हात आधी टेकले, श्वास मागून सोडला. गुडघा आपटला. घाई केली. न बघता हे सगळं त्यांना कसं कळतं याचं तिला आधी नवल वाटायचं, मग भीती वाटायची, आणि मग कधीतरी त्याचा आधार वाटू लागला. दिवसभरात तिचं कुणी इतकं लक्षपूर्वक ऐकत नसे.

तिची चाळिशी उलटली होती. पहिले काही आठवडे दंड थरथरायचे, लिफाफ्यावर पत्ता टाइप करताना मांड्यांत गोळे यायचे. मग शरीर हळूहळू ऐकू लागलं. ती काही फार देवभोळी नव्हती. पण कपाळ जमिनीला टेकून श्वास पूर्ण सोडला की एक क्षण यायचा, त्यात साहेबाची घंटा नसायची, गॅसवरचं दूध नसायचं, उद्या नसायचा. 'पूष्णे' हे नाव यायचं तेव्हा ती हमखास दमलेली असायची. नाना मग ते नाव थोडं लांबवायचे. तेवढ्यात तिचा श्वास जुळायचा. याबद्दल दोघांत कधी बोलणं झालं नाही.

असं वर्ष गेलं. माघ लागला. रथसप्तमी तीन दिवसांवर आली असताना एका संध्याकाळी शालिग्राम लाइनवर होता आणि गंधाली क्लासला. नानांना खुर्चीवरून खाटेवर घ्यायचं होतं. वनमालानं रोजच्यासारखा त्यांच्या काखेत हात घातला आणि उचललं. कमरेत काहीतरी कट्‌ झालं. तिनं ओठ दातांत धरले, त्यांना नीट झोपवलं, चादर घातली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. घाम आलेला.

डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाव काढू नका म्हणून सांगितलं. तिनं मान हलवली. पण घरी येईपर्यंत तिच्या मनात दोनच गोष्टी फिरत होत्या. नमस्कार थांबले तर नानांची नावं थांबतील, आणि नावं थांबली तर जे काही बोलणं परत आलंय तेही जाईल. आणि पाठ कशानं गेली हे त्यांना कळलं, तर ते आपल्याला पुन्हा उचलू देणार नाहीत. त्याच अंथरुणात पडून राहतील.

म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं खाटेमागे पाट ठेवला. ती कशीबशी त्यावर बसली. नानांनी नाव घेतलं. तिनं जोरानं श्वास ओढला, हात बाजूला जमिनीवर आपटून बांगड्या वाजवल्या, श्वास सोडला, पुन्हा वाजवल्या. नानांनी पुढचं नाव घेतलं. सूर्याला फसवतोय असं तिला वाटलं नाही. तो खिडकीतून सगळं पाहतच होता. फसत होते ते नाना, आणि त्याचंच तिला वाईट वाटत होतं.

गंधाली दारात येऊन पाहत राहिली. "आई, ये क्या नाटक है?" तिनं हळूच विचारलं. वनमालानं तोंडावर बोट ठेवलं.

दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी रथसप्तमी होती.

अंगणात गंधालीनं गोवऱ्या पेटवून त्यावर दुधाचं बोळकं ठेवलं होतं. दूध पूर्वेला उतू जायला हवं, एवढंच आईनं तिला सांगितलं होतं, आणि ती धुरानं डोळे चोळत त्याची वाट पाहत होती. आत वनमाला सणाची साडी नेसून पाटावर बसली. खिडकी उजळली. समोरच्या घराच्या टाकीवर ऊन आलं.

नानांनी नाव घेतलं नाही.

ती थांबली. यांना झोप लागली असेल, तिनं स्वतःला सांगितलं. पण उशीवरचे केस हलत होते, म्हणजे ते जागे होते.

"नाना?"

ऊन टाकीवरून भिंतीवर उतरलं. जे होऊ नये म्हणून तीन दिवस हे सोंग केलं, तेच झालं होतं. मुलाला कविता आठवेना म्हणजे आई पहिला शब्द पुटपुटते, तसं ती पुटपुटली, "मित्राय..."

"पाटावरून ऊठ," नाना म्हणाले.

तिला आधी शब्द कळले नाहीत, नुसता आवाज कळला. तो होता, धडधडीत होता, आणि तिनं डोळे मिटून घेतले.

"तुम्हांला कधी समजलं?" तिनं विचारलं.

"पहिल्याच दिशी. वाकणाऱ्या माणसाचा श्वास पोटातून सुटते. तू नाकानं सुस्कारे टाकून राहिली होती." मग ते म्हणाले, "बांगड्याबी बेसूर वाजवते."

"मग बोलला काहून नाही?"

"तू सांगशीन म्हणून वाट पाहिली." उशीवर मान किंचित वळली, पण तिच्यापर्यंत पोचली नाही. "मले उचलतानाच गेली ना पाठ?"

ती म्हणाली, नाही, ऑफिसची खुर्ची खराब आहे, सगळ्याच बायकांची दुखते. त्यांचा विश्वास बसला नव्हता हे तिला त्यांच्या गप्प राहण्यावरून कळलं. तीही आता ऐकायला शिकली होती.

"मले वाटलं," ती म्हणाली, "नेम मोडला तर..." आणि तिथेच अडली.

"तर माही वाचा जाईन. मलेबी तसंच वाटत होतं." शब्द सावकाश, एकेक तोलून येत होते. "तीन दिवस भेव वाटून राहिलं होतं. तुही पाठ मोडून माही जीभ चालवाची, हे कसं काय? म्हून आज नाव घेतलंच नाही. म्हटलं, पाहू. जाते का राहते." मग स्वतःलाच सांगावं तसं ते म्हणाले, "तरी बोलून राहिलो, माय."

अंगणातून धूर आत येत होता. वनमाला खाटेचा माथा धरून उठली. कमरेतून कळ गेली आणि ती तशीच उभी राहिली.

"समोर ये," नाना म्हणाले.

ती हलली नाही.

"ये वं. आज नावं तू घे. नमस्कार मी घालतो."

खाटेला वळसा घालून ती खिडकीशी आली. डोक्यावर पदर ओढायला हात वर गेला, पण अर्ध्यातच पाठीनं तो खाली आणला. सकाळच्या उजेडात सासऱ्यांचा चेहरा तिनं इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला. एका बाजूनं ओघळलेला, दाढीचे खुंट वाढलेले, डोळे मात्र एखाद्या शिकाऊ फिटरसारखे सावध. आता काम दाखवायचंय, आणि बघणारं कुणीतरी समोर उभं आहे.

तिनं घसा साफ केला. ही नावं तिनं रोज ऐकली होती, कधी मोठ्यानं घेतली नव्हती.

"ॐ मित्राय नमः." साहेबानं सांगितलेला मजकूर परत वाचून दाखवावा तसा तिचा आवाज निघाला.

नानांचा डावा हात उठला. चादरीवरून सरकत उजव्या हाताकडे गेला. लकवा मारल्यापासून त्या हाताला त्यांनी आपण होऊन कधी स्पर्श केला नव्हता, घरात पडून राहिलेल्या परक्या वस्तूसारखा तो हात होता. डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं. उचलला. तो पोटापर्यंत आला आणि घसरला. पुन्हा धरला. कपाळावरची शीर फुगली. वनमालाचे स्वतःचे हात पुढे जाऊ पाहत होते, तिनं ते पाठीमागे बांधून घेतले. मदत केली तर तो नमस्कार त्यांचा राहणार नव्हता.

हात छातीशी आले. उजव्या हाताची बोटं मिटलेलीच होती, डाव्या तळव्यानं ती एकेक करून उलगडली जात होती. अंगठा अजून वळलेला होता.

ऑफिसची वेळ होत आली होती. गंधाली दाराशी आली, हातात चटका बसू नये म्हणून फडक्यात धरलेलं बोळकं, नाकाला राख.

"आई, दूध उफन गया. अब क्या करना है?"

"थांब," वनमाला नजर न हलवता म्हणाली. "नानांचा अजून पहिलाच चालू आहे."