चारशे बारा मीटरवरची मोकळी जागा

पुण्यात जमिनीच्या वर जे काही चालतं, त्याबद्दल प्रत्येकाचं ठाम मत असतं. पूल चुकला, मेट्रो चुकली, सिग्नल तर चुकलेलाच असतो. जमिनीच्या खाली काय आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि विचारलंच, तर मंदाकिनी बोरकुटे यांना विचारावं लागतं.

लोणी काळभोरच्या बाहेर, सोलापूर रस्त्यापासून जरा आत, एक पत्र्याचं गोदाम आहे. कंपनीचं चकचकीत ऑफिस खराडीत, काचेच्या इमारतीत नवव्या मजल्यावर. दगड मात्र इथे. ही कंपनी जमिनीत खोल भोक पाडून खालचा खडक बाहेर काढते. पोकळ नळी फिरत फिरत खाली जाते आणि तिच्या पोटातून मनगटाएवढ्या जाडीच्या दगडी कांड्या वर येतात. त्या ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने लाकडी पेट्यांत रचायच्या. एका पेटीत मीटरभर लांबीच्या पाच ओळी, म्हणजे पाच मीटर जमीन. कुठे दगड हाती लागलाच नाही, तर तेवढ्या जागेत लाकडी ठोकळा ठेवायचा आणि त्यावर लिहायचं, इथे काही मिळालं नाही.

मंदाताईंचं काम कांड्या धुण्याचं. कागदावर एवढंच. विदर्भातल्या नागभीडकडून नवऱ्याबरोबर त्या पुण्यात आल्या तेव्हा मुलगा शंभू पाच वर्षांचा होता. नवरा, आनंद, ड्रिलच्या मशीनवर मजूर होता. आठ वर्षांपूर्वी तो गेला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून मंदाताई या गोदामात ब्रश आणि बादली घेऊन बसत होत्या. तेवीस वर्षं माणूस एकच काम मन लावून करत असेल, तर त्याला ते काम सोडून बाकीचंही कळायला लागतं. इंजिनिअर लोक लॅपटॉप उघडून बसायचे आणि शेवटी हळूच विचारायचे, ‘‘मंदाताई, ही चीर आधीची की मशीनने पडलेली?’’ ताई कांडी पाण्यात बुडवायच्या, फडक्याने पुसायच्या आणि थांबायच्या. दगडाचा पृष्ठभाग वाळतो, चीर वाळत नाही. ती काळी रेघ होऊन थोडा वेळ दिसत राहते. ‘‘आधीची,’’ त्या म्हणायच्या आणि पुढची कांडी उचलायच्या. इंजिनिअर ते स्वतःच्या नावावर लिहायचा. ताईंना त्याचं काही वाटत नसे. बरोबर लिहिलं म्हणजे झालं.

यंदा गोदामात आलेला माल वेगळा होता. पुण्याच्या पोटात सगळा काळा कातळ. हा होता दूरच्या एका राज्यातून आलेला गुलाबी ग्रॅनाइट, पाचशे मीटर, शंभर पेट्या. एका संशोधन संस्थेला त्याचा अभ्यास करायचा होता. अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन कामातून जातं, पण त्याचा जहालपणा जात नाही. तो हजारो वर्षं टिकतो. त्यातला जो भाग कशाच्याच उपयोगाचा नाही, तो काचेत मुरवून, पोलादी डब्यात बंद करून अर्धा किलोमीटर खाली अखंड खडकात ठेवता येईल का, हा प्रश्न होता. जागा ठरली नव्हती, काहीच ठरलं नव्हतं. नुसता खडक पारखायचा होता. संस्थेच्या शास्त्रज्ञ पूर्णिमा दातार पहिल्याच दिवशी गोदामात येऊन म्हणाल्या होत्या, ‘‘मला भीती फक्त पाण्याची आहे. डबा फुटला तरी तो जागेवरच राहील. पाण्याला वाट मिळाली तर मात्र त्यातलं विष पाण्याबरोबर कुणाच्या तरी विहिरीपर्यंत जाईल. कधी? आपण कुणीच नसू तेव्हा.’’

हे वाक्य मंदाताईंच्या मनात रुतून बसलं. विहिरीवर घागर घेऊन आलेली कोणी बाई त्यांना दिसायला लागली. तिची भाषा काय असेल, तेही सांगता येत नाही. पण घागर असेलच.

आणि हे भोक पाडणारा मुख्य ड्रिलर होता शंभू. त्यांचा शंभू! चौतीस वर्षांचा, बापासारखाच रुंद खांद्याचा, आणि बापाच्या वरचढ. पाचशे मीटरपैकी पाचशे मीटर दगड त्याने वर आणला, एक बोटभरसुद्धा न हरवता. ड्रिलरच्या जगात याहून मोठी गोष्ट नाही. तिथे दगड हरवणं म्हणजे नाक कापलं जाणं. चहाच्या टपरीवरसुद्धा लोक सुनावतात. कंपनीचे मालक श्यामसुंदर साहेब हे एरवी कौतुकाच्या बाबतीत भारी काटकसरी. पण त्यांनीही गुरुवारी पूर्णिमा मॅडम तपासणीला येतील तेव्हा शंभूचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरवलं. पुढच्या मोठ्या साइटवर त्यालाच प्रमुख करायचं, हेही.

मंगळवारी दुपारी मंदाताई त्र्याऐंशी नंबरच्या पेटीपाशी आल्या. कांडी धुवायची, आधीच्या कांडीच्या टोकाला टोक लावून बघायची, फुटलेली बशी जुळवून बघावी तशी. जुळली की हाताला कळतं. चारशे बारा मीटरवर एक वीतभर कांडी आली, आणि ती जुळेना. वरच्या टोकाला नाही, खालच्या टोकाला नाही. उलटी करून पाहिली. नाही. दोन्ही टोकं नको इतकी सपाट होती. कुणीतरी ग्राइंडर फिरवलेला. दगडाचे दाणेही बारीक. हा दगड खालचा नव्हताच. सुरुवातीला मशीन तपासायला एक उथळ भोक पाडतात आणि त्याचा माल टाकून देतात, त्यातला होता.

त्यांनी शेजारच्या दोन कांड्या बुडवल्या, पुसल्या आणि वाट पाहिली. दोन्ही वाळल्या. कडेला मात्र काळ्या रेघांचं जाळं उरलं, बराच वेळ. मंदाताई पाय पसरून जमिनीवरच बसल्या.

शंभू सुट्टीवर घरीच होता. त्यांनी त्याला फोन करून बोलावून घेतलं आणि तो आला तेव्हा गोदामात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी ती कांडी त्याच्या हातात दिली. त्याने ती लगेच ओळखली, आणि त्याचा चेहरा पडला.

‘‘बावीस सेंटिमीटर तं हाये, आई,’’ तो म्हणाला. ‘‘पाचशे मीटरमंदी बावीस सेंटिमीटर! नळी वर आली तं तेवढी रिकामी. काय करू मी? समदे बघून राहिले होते. बाबाच्या मशीनवर पन्नास पन्नास सेंटिमीटर जायचं.’’

‘‘तुह्या बाबानं तिथं ठोकळा ठेवला असता.’’

‘‘म्हणून तं तो मजूरच राहिला!’’

हे त्याला बोलायचं नव्हतं, बोलून गेला. मंदाताईंनी ते ऐकून घेतलं. त्यांना राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा.

‘‘तवा मशीनचं पानी वर येऊन राहिलं होतं का?’’ त्यांनी विचारलं. भोकात सोडलेलं पाणी एरवी गढूळ होऊन वर परत येतं, हे त्यांना नवऱ्यामुळे ठाऊक होतं.

शंभू म्हणाला, ‘‘दहा मिनिटं बंद झालं होतं. मंग आलं.’’

‘‘दहा मिनिटाचं पानी कुठी गेलं, शंभू?’’

शंभू कांडीच्या सपाट टोकावरून अंगठा फिरवत राहिला.

‘‘जिकून जाते, तिकून येते बी,’’ मंदाताई म्हणाल्या. ‘‘तू लेकरा दगड लपवला नाही. वाट लपवली.’’

तो कांडी पेटीत होती तशी ठेवून निघून गेला. मंदाताईंनी ती बाहेर काढली नाही. त्यांना ती काढायची होती, त्यांचे हात शिवशिवत होते. पण चूक ज्याची, ठोकळाही त्याच्याच हाताने बसायला हवा, असं त्यांना वाटलं. बुधवारी घरात दोघं एकमेकांना चटणी सरकवण्यापुरते बोलले. तेवीस वर्षांत एकदाही ज्यांनी कुणाच्या दडपणाखाली असलेली चीर नाही म्हणून सांगितलं नव्हतं, त्या मंदाताई त्या दिवशी भाकरी करताना दोनदा रडल्या. उद्या हा बोलला नाही तर त्यांनाच बोलावं लागणार होतं, सगळ्यांदेखत, आणि पोराच्या हातून मशीन कायमचं जाणार होतं.

गुरुवारी पूर्णिमा मॅडम वेळेच्या दहा मिनिटं आधी आल्या. श्यामसुंदर साहेबांच्या गाडीत शालीची पिशवी होती. मॅडम पेट्यांच्या रांगेकडेने चालत निघाल्या. अधूनमधून वाकायच्या, भिंगातून बघायच्या, टिपण घ्यायच्या. साहेब मागून ‘‘शंभर टक्के, मॅडम, शंभर टक्के’’ करत होते. ‘‘वाचता येतं मला,’’ मॅडम एकदा म्हणाल्या, तेव्हा ते थांबले.

ऐंशी. एक्क्याऐंशी. ब्याऐंशी. त्र्याऐंशीपाशी त्या वाकल्या, बोट फिरवलं, आणि पुढे गेल्या.

त्या पुढे गेल्या! शंभू दाराशी नव्या शर्टात उभा होता, खाली बघत. पंच्याऐंशी झाली. साहेबांनी चहावाल्याला खूण केली. मंदाताईंनी ब्रश खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि एक पाऊल पुढे टाकलं.

‘‘मॅडम,’’ शंभू म्हणाला. आवाज फाटला, म्हणून त्याने परत म्हटलं, ‘‘मॅडम, मागे या. त्र्याऐंशीमध्ये एक कांडी खोटी आहे. मी ठेवलीय.’’

चहावालासुद्धा जागच्या जागी उभा राहिला. साहेब हसायला गेले आणि ते हसू मध्येच अडकलं. शंभू चालत आला, उकिडवा बसला, कांडी उचलून बाजूला ठेवली आणि सगळं सांगितलं. किती वाजले होते, मशीनचा आवाज कसा बदलला, पाणी केव्हा थांबलं, परत आलं तेव्हा कसं तांबूस होतं. एकही गोष्ट त्याने अर्धी ठेवली नाही.

पूर्णिमा मॅडम रागावल्या नाहीत. त्या मोकळ्या जागेसमोर फरशीवर मांडी घालून बसल्या, चांगल्या साडीत, आणि दीड तास उठल्या नाहीत. शेजारच्या कांड्या परत परत बुडवायला सांगितल्या. शेवटी म्हणाल्या, ‘‘तांबूस पाणी म्हणजे चिरांत गंज धरलाय, म्हणजे ही वाट जुनी आहे आणि चालू आहे. हा खडक आमच्या कामाचा नाही. दुसरीकडे बघायला हवं.’’ मग साहेबांकडे वळून, ‘‘आधी कळलं असतं तर तीन महिने वाचले असते. अजिबात कळलं नसतं तर काय झालं असतं, ते मला बोलायचं नाही.’’

साहेबांनी शंभूला तिथेच सांगितलं की पुढच्या साइटवर प्रमुख म्हणून तो जाणार नाही. मशीनवर राहायचं असेल तर वर्षभर दुसऱ्याच्या हाताखाली. ‘‘चालेल,’’ शंभू म्हणाला. शालीची पिशवी गाडीत परत गेली.

शंभूने लाकडाचा ठोकळा घेतला, बावीस सेंटिमीटर मोजून कापला, कडा घासल्या. त्यावर रंगाने लिहिलं: ‘४१२.३० ते ४१२.५२. दगड मिळाला नाही. पाणी गेलं.’ ठोकळ्यावर नाव लिहायची रीत नाही. त्याने खाली नाव लिहिलं, आडनावासकट, आणि ठोकळा जागेवर बसवला. तो नीट बसला.

मॅडम निघताना नोंदवहीत सही करायला थांबल्या. धुलाईच्या रकान्यात मंदाताईंची सही होती, मंगळवारच्या तारखेची, पेटी त्र्याऐंशी. मॅडमनी ती वाचली आणि वर बघितलं.

‘‘तुम्हाला मंगळवारीच कळलं होतं.’’

‘‘हो.’’

‘‘बोलला का नाहीत?’’

‘‘त्याला बोलायला वेळ दिला.’’

‘‘आणि आज तो बोलला नसता तर?’’

‘‘मग मी बोलले असते, मॅडम. पाऊल टाकलं होतं.’’

मॅडमनी वहीतलं आडनाव पाहिलं, पेटीतल्या ठोकळ्यावरचं पाहिलं. ‘‘कोण लागतो तुमचा?’’

मंदाताईंनी शंभूकडे बघितलं. तो पाठमोरा, शर्टाच्या बाह्या दुमडून पेटीचं झाकण लावत होता. पाचशे मीटरचा डंका वाजत होता तेव्हाही त्यांची मान इतकी ताठ झाली नव्हती.

‘‘मुलगा आहे,’’ त्या मोठ्याने म्हणाल्या. ‘‘माझा.’’