दोन हत्यारं काढून घेतलेली बुरशी

माझी आत्या पिकांच्या रोगांवर संशोधन करायची. घरच्यांच्या भाषेत, बुरशी पाळायची. "लोक मांजर पाळतात, हिची तऱ्हाच न्यारी," असं आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

ती ज्या राखाडी बुरशीवर काम करायची, तीच बाबांच्या काचघरातही टोमॅटोवर दरसाल धुमाकूळ घालायची. एकदा निम्मंअधिक पीक सडलं तेव्हा बाबा वैतागून म्हणाले, "ताई, हिला ना दात ना नखं. ही झाडात शिरते तरी कशी?"

"विरघळवत शिरते," आत्या म्हणाली. "झाडाच्या प्रत्येक पेशीला भिंत असते. त्या भिंतींना एकमेकींशी चिकटवून ठेवतं ते पेक्टिन. जॅम घट्ट होतो ना, तो त्याच्यामुळेच. बुरशी एन्झाइम सोडते आणि पेक्टिनचे तुकडे पाडते. वाटही होते, पोटही भरतं."

त्यातलं मुख्य एन्झाइम बुरशीला बनवताच येऊ नये, असा बदल तिच्यात करायचा आत्याने चंग बांधला. बरीच वर्षं खपून तिने तशी बुरशी तयार केली, टोमॅटोच्या पानांवर सोडली आणि वाट पाहिली. पानं पूर्वीसारखीच सडली. स्वतःचंच काही चुकलं असेल म्हणून तिने सगळं पुन्हा केलं. निकाल तोच. विभागप्रमुख म्हणाले, "आता दुसरा विषय घ्या."

त्या रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली आणि भरल्या ताटावर रडली. आजी घाबरली. "अगं, झालं तरी काय तुझ्या बुरशीला?"

"काहीच झालं नाही गं आई. तेच तर रडणं आहे!"

आधी बाबा हसले, मग आत्याही.

विषय तिने सोडला नाही. सडलेल्या पानांचा रस तपासला, तेव्हा उलगडा झाला: मुख्य एन्झाइम गेल्यावर बुरशी त्याचंच एक भावंड दुप्पट जोमाने सोडत होती. आत्याने तेही काढलं. या खेपेला पानावरचा डाग मसुरीएवढा झाला आणि तिथेच थांबला.

बाबांना वाटलं, सुटलो. "ती माझ्या डब्यातली बुरशी," आत्याने समजावलं. "तुझ्या काचघरातली धडधाकट आहे. पण तिला कुठे अडवायचं, ते आता कळलंय."

मग तिने या दोन्ही एन्झाइमांना अडवणारं प्रथिन असलेला एक रानटी टोमॅटो शोधला आणि बाबांच्या वाणाशी त्याचा संकर केला. त्याची एक ओळ काचघरात लावली. बुरशी तिच्यावरही पडली, पण इतकी सावकाश पसरली की बाबांना फळं वेळेत तोडता आली.

बाबांनी एक फळ चाखलं आणि डोळे घट्ट मिटले. "ताई, आंबटढाण आहे गं! हे बुरशीलाही नको झालं असेल."

"गोडीचं पुढच्या पिढीत बघू," आत्या म्हणाली, आणि त्यातल्या त्यात बरी फळं बियांसाठी वेचू लागली.