पोतं खाली ठेवायचं नाही

कळविण्यास अत्यंत खेद होतो की, मोहाडी तालुक्यातल्या एका राईस मिलमध्ये मंगळवारी सकाळी एक चूक कोणालाही न सांगता निघून गेली. तिच्या पश्चात ओल्या धानाचा मोठा ढीग, न फिरणारे पंखे, संतापलेले शेठजी आणि मी असा परिवार आहे.

मी भंडाऱ्यात घरी बसून कम्पायलरचं काम करतो. शेजाऱ्यांना अजून वाटतं की मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दोघातिघांचे प्रिंटर केलेही आहेत. तर कम्पायलर म्हणजे दुभाष्या. माणूस लिहितो, 'धानाचा ओलावा चौदाच्या वर गेला की पंखा तीन, चार, पाच चालू कर.' कम्पायलर ते यंत्राच्या भाषेत उतरवतो. लिहिण्यात काही चुकलं असेल तर ते सांगणं हेही त्याचंच काम. आमच्या कंपनीने राईस मिलसाठी अशी एक छोटी भाषा बनवली आहे. नियम मराठीत, एरर मेसेजही मराठीत. याचा मला फार अभिमान होता. मंगळवारपर्यंत.

मिलमध्ये हे नियम वनिताताई रामटेके लिहायच्या. पोत्यांची तोंडं शिवायला म्हणून कामाला लागल्या, आणि स्वतःच्या डोक्याने केबिनपर्यंत पोचल्या. लेकीच्या बाळंतपणाची सुट्टी संपवून त्या मंगळवारी परत आल्या. नियमातल्या पंधराचा चौदा केला, बटण दाबलं. स्क्रीन म्हणाली, 'तयार'. आणि एकही पंखा फिरला नाही.

शेठजींनी मला फोन लावला. स्पीकरवर, म्हणजे बाईंना ऐकू जावं म्हणून.

"साहेब, तुमच्या कॉम्प्युटरपायी माझा धान गरम होऊन राहिला! शुक्रवारपर्यंत पाहतो. नाही त जुना स्विचबोर्ड लावतो, अन् बाई जातीन परत शिलाईवर."

मागून वनिताताईंचा आवाज आला. "भाऊ, माझी चूक असन त माझं नाव सांगजा. पण काय चूक हाये ते त सांगा!"

तेच तर कोणी सांगत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत मला कारण सापडलं. आमच्या कम्पायलरमध्ये एरर मेसेज एका फटक्यात तयार होत नाही. एक कोरी चिठ्ठी निघते. कम्पायलरचा एक भाग ओळ क्रमांक लिहितो, दुसरा काय चुकलं ते, तिसरा खाली टीप टाकतो. शेवटी ती स्क्रीनवर पाठवायची. या व्यवस्थेला आम्ही बिल्डर म्हणतो. आमच्या बिल्डरमध्ये चिठ्ठी टेबलावर पडलेली असायची. ज्याने त्याने यायचं, उसनी घ्यायची, दोन शब्द लिहायचे, परत ठेवायची. पाठवायची कोणी? सगळ्यांना वाटलं, दुसरा पाठवेल. नियमात चूक आहे म्हणून कम्पायलरने तो नियम बाजूला टाकला, चिठ्ठीही सुंदर लिहिली, आणि ती टेबलावरच राहिली. चिठ्ठी पोचली नाही, म्हणजे चूक नाही, म्हणजे 'तयार'.

चिठ्ठीवर काय लिहिलं होतं, हे मात्र मला घरून दिसेना. ते दुरुस्त कम्पायलर मिलच्या मशीनवर चालवल्यावरच कळणार होतं.

पुण्याहून माझ्या बॉस अनघा मॅडम म्हणाल्या, "पाठवायची ओळ राहिली ना? टाक आणि मोकळा हो. पाच मिनिटांचं काम."

"मॅडम, अशा आणखी किती जागा आहेत, देव जाणे."

"मग?"

मी 'बघतो' म्हणालो आणि फोन ठेवला.

बुधवारी माफी मागायला मिलमध्ये गेलो. शेठजी नव्हते, म्हणून माफी पुढे ढकलली आणि चहा घेतला. समोर पोती भरणं चालू होतं. एकाने भरलं, दुसऱ्याच्या हातात दिलं. त्याने तोललं, तिसरीला दिलं. तिने तोंड शिवलं, चौथ्याने थप्पीवर चढवलं. तेवढ्यात एकाने पोतं मधेच जमिनीवर टेकवलं आणि तंबाखू काढली. केबिनमधून वनिताताई कडाडल्या.

"काहून रे, पोतं खाली काहून ठेवलं? ज्याच्या हातात त्याचं! खाली ठेवलं का ते कोनाचंच राहत नाही!"

माझा चहा शर्टावर सांडला. मी कप तिथेच ठेवून स्कूटर काढली.

दोन दिवस मी आणि माझा कम्पायलर. चिठ्ठी आता टेबलावर नाही. जो लिहील तो तिचा मालक. लिहून झालं की पुढच्याच्या हातात. ओळ, चूक, टीप, आणि लगेच पाठवणी. एका दमात, साखळीसारखं. पाठवली की चिठ्ठी कोणाच्याच हातात उरत नाही, आणि पाठवल्याची पावती मिळाल्याशिवाय नियम बाजूला टाकता येत नाही. आम्ही ज्या भाषेत कम्पायलर लिहितो तिचा स्वतःचा कम्पायलर मालकीच्या बाबतीत फार खाष्ट आहे. एका जागी मी चिठ्ठी टीप लिहायला दिली आणि परत हातात घ्यायला विसरलो. तो ताबडतोब ओरडला. हुबेहूब वनिताताई. असा ओरडा खात खात चिठ्ठी गिळणाऱ्या आणखी दोन जागा सापडल्या. मॅडमना दाखवल्या. त्यांनी त्या एकेक करून तपासल्या. मग म्हणाल्या, "पाच मिनिटांचं मी काही बोललेच नव्हते."

शुक्रवारी केबिनमध्ये शेठजी, वनिताताई आणि मी. शेठजींनी जुना स्विचबोर्ड पुसून टेबलावर आणून ठेवला होता. वनिताताईंनी बटणावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. चूक त्यांचीच निघाली तर? हा विचार त्यांच्या मनात होता, आणि खरं सांगतो, माझ्याही.

"दाबा, ताई."

त्यांनी दाबलं. या वेळी 'तयार' आलं नाही. लाल अक्षरं आली. वनिताताईंनी मोठ्याने वाचली.

"ओळ सात. पंखा पाच यादीत नाही. टीप, हा पंखा मागच्या आठवड्यात 'मालक' या लॉगिनवरून काढला आहे."

एवढ्या नोकरीत मी एकच धडा शिकलो. चूक करणारा शोधायच्या आधी चूक सांगणारा जागेवर आहे का, ते बघावं. तो जागेवर असला की बाकीचं आपोआप होतं.

वनिताताईंनी सावकाश मान वळवली. मीही वळवली. शेठजींनी आधी छताकडे पाहिलं, मग स्विचबोर्डाकडे, आणि मग त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"अरे बापा! तो पंखा त मीच साळ्याले देल्ला!"