वैजयंतीच्या कानांची फेरतपासणी

"वैजयंतीला सोयीचं तेवढंच ऐकू येतं," असे येडगावच्या धरणाकाठच्या वस्तीवर कित्येक वर्षे बोलले जाई. नळावर बायका तिच्याविषयी काही बोलू लागल्या, की आधी पदर तोंडावर घेत. तसे केले नाही, तर पलीकडे कपडे आपटत बसलेली वैजयंती मान वर करून त्याच विषयावर चोख उत्तर देते, असा अनुभव होता. आणि मागून हाक मारली, तर तीच वैजयंती दगडासारखी बसून राही. करोनाच्या साथीत सगळ्या गावाने तोंडे बांधली, तेव्हा तर तिला काहीच कळेनासे झाले. शेजारच्या सावळेराम तात्यांनी त्यावर पारावर हशा पिकवला होता. "मास्क आमी तोंडाला लावलं, आन् कान हिचं बंद झालं." सगळा उलगडा त्या वाक्यातच होता. पण बोलणाऱ्याला तो दिसला नाही आणि हसणाऱ्यांनी शोधला नाही.

वैजयंती दहा वर्षांची असताना मेंदूज्वराने अंथरुणाला खिळली होती. उठली तेव्हा ताप गेला होता, आणि तापाबरोबर कानही. बोलायला ती आधीच शिकलेली होती, ते टिकले. आवाज मात्र सपाट झाला आणि थोडा मोठा. आई झुंबरबाई कधी शाळेत गेलेली नव्हती, पण या पोरीशी बोलायचे तर आपल्या तोंडावर उजेड हवा, हे तिने कोणी न सांगता ओळखले. चुलीशी बसताना ती दाराकडे तोंड करून बसू लागली. काही सांगायचे असले, की भाकरी थापायची थांबून मान वर करी. दाताला मिश्री लावता लावता बोलायची जन्माची सवय तिने मोडली, कारण तोंडात बोट असले की मुलीला ओठ दिसत नसत. मुलगी वर्षभरात ओठ वाचू लागली. पुढे तर इतकी तरबेज झाली, की वर्गात गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलले तेवढेच तिचे बुडे, बाकी सगळे तिच्या वहीत असे.

बारावी झाल्यावर दिव्यांगांच्या राखीव जागेवर ती जवळच्याच एका गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात परिचर म्हणून लागली. गाय खोड्यात अडकवणे, जखमा धुणे, बिबट्याने ओरबाडलेली शेळी डॉक्टरांनी टाके घालेपर्यंत धरून ठेवणे, असे ते काम. जनावरांना माझ्याशी बोलायचे नसते म्हणून इथे माझे काही अडत नाही, असे ती स्वतःच सांगे. लग्नाचा विषय दोन-चार वर्षे निघाला आणि मिटला. तो मिटावा म्हणून तिनेही हातभार लावला. स्वतःच्या पगारातून दोन खोल्या बांधून ती आईला घेऊन राहिली. थोरला भाऊ दादाभाऊ शेजारीच राहत होता. वय चाळिशीकडे झुकले होते आणि कोणाच्या दारी उभे राहायची वेळ तिच्यावर आलेली नव्हती.

ती वेळ आली सावळेराम तात्यांच्या गायीमुळे. तात्यांची दुभती गाय पारगावचा एक पाहुणा घेणार होता. व्यवहाराआधी डॉक्टरसाहेबांना दाखवावी असा पाहुण्याचा आग्रह होता, म्हणून ती दवाखान्याच्या आवारात आणली होती आणि साहेब अजून आलेले नव्हते. पाहुणा गायीच्या अंगावरून हात फिरवत होता. दूर फाटकापाशी तात्या आपल्या भावाच्या कानाला लागले. वैजयंती व्हरांड्यात बँडेज गुंडाळत होती. तात्या काय म्हणाले, ते तिला समोरच्या पाटीवरची अक्षरे दिसावीत तसे दिसले: मागचे उजवे सड मुके आहे, साहेब येण्याच्या आत उरकून टाकू. ती पायऱ्या उतरून खाली आली आणि पाहुण्याला आपल्या सपाट, मोठ्या आवाजात म्हणाली, "पावणं, मागचं उजवं सड पिळून बघा." पाहुण्याने चारही सडे पिळून पाहिली. तिहींना धार आली, चौथ्यातून थेंबही निघाला नाही. गाय आल्या वाटेने परत गेली.

तात्यांचा संताप एका परीने समजण्यासारखा होता. आपण कानात सांगितलेली गोष्ट आवार ओलांडून पलीकडे पोहोचली, एवढेच त्यांना ठाऊक होते. जिला एवढे ऐकू येते ती बहिऱ्यांच्या जागेवर नोकरी कशी करते, असा त्यांचा सवाल होता. तो त्यांनी स्वतःच्या नावानिशी अर्ज करून वर पाठवला आणि पाठवल्याचे चारचौघांत सांगितले. खोट्या प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवणाऱ्यांच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या आणि कर्मचाऱ्यांच्या फेरतपासण्या सुरूच होत्या. वैजयंतीला पुण्याच्या सरकारी रुग्णालयातल्या तपासणी मंडळापुढे हजर राहण्याचा आदेश आला. तिथे ती ऐकणारी ठरली असती, तर नोकरी जाणार होती, आणि वर फसवणुकीचा गुन्हा.

वस्तीने सल्ले द्यायला सुरुवात केली. कोणी कानात कापूस घालून जा म्हणाले, कोणी तोंडच उघडू नको म्हणाले. दादाभाऊने तर कांद्याच्या वाफ्यावर तिला समोर उभे करून शिकवणीच घेतली. "तिथं मागनं आवाज देत्यात, टाळ्या वाजवत्यात. काय बी झालं तरी ढिम्म ऱ्हायचं, वैजे. वळायचं न्हाई, हसायचं न्हाई. एकदा वळलीस, की समद्यावर पाणी."

"मला कुठं ऐकू येतंय वळायला?" ती म्हणाली.

"तेच तर. आता ते त्यांना बी दिसू दे."

पुण्याला दादाभाऊ बरोबर गेला. कानाचे डॉक्टर भालेराव हे पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी दिव्याच्या उजेडात दोन्ही कान तपासले. पडदे शाबूत होते, आत काही बिघाड दिसत नव्हता. या कामातली खरी अडचण हीच असते. तुटलेले बोट डोळ्यांना दिसते. आतली नस गेलेला कान मात्र धडधाकट कानासारखाच दिसतो. मग डॉक्टर मास्क काढून तिच्यासमोर बसले आणि एकेक शब्द ताणून विचारू लागले. तिने त्यांना थांबवले. सावकाश बोलल्याने ओठ वाकडेतिकडे होतात, नेहमीसारखे बोला, असे तिने सांगितले. ते नेहमीसारखे बोलले. गाव, शाळा, आजार, नोकरी, सगळ्याची उत्तरे तिने तिथल्या तिथे दिली. शेजारी बसलेला दादाभाऊ प्रत्येक उत्तरासरशी खुर्चीत थोडा थोडा खाली सरकत होता.

डॉक्टर उठले आणि हात धुण्याच्या निमित्ताने तिच्या मागे गेले. तिच्या समोर अवजारांचे काचेच्या दाराचे कपाट होते. त्या काचेत, तिच्या खांद्याच्या वर, डॉक्टरांचा चेहरा आला आणि त्यांचे ओठ हलले: ताई, तुमच्या ओढणीवर मुंगळा चढलाय.

तिला सगळे कळले. हीच ती परीक्षा, हेही कळले. दादाभाऊ जमिनीकडे पाहत होता, पण त्याची मान नकळत नकारार्थी हलत होती. नुसते बसून राहायचे होते. बसून राहण्यात खोटे तरी काय होते? डॉक्टरांचा आवाज तिला खरोखरच आला नव्हता. पण त्यांनी म्हटलेले तिला समजले होते, आणि समजलेले न समजल्यासारखे दाखवायचे तिला वयाच्या दहाव्या वर्षापासून कधी जमले नव्हते. समजले असेल तर समजले म्हणायचे, नसेल तर पुन्हा विचारायचे, एवढ्याच रीतीवर ती जगात वावरली होती.

ती वळली. "मुंगळा न्हाई काय न्हाई. तुमचं तोंड त्या काचंत दिसतंय, सायेब. मागनं विचारायचं तर आधी कपाट झाका."

दादाभाऊने कपाळावर हात मारला.

डॉक्टरांनी काचेकडे पाहिले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. तपासणीच्या खाटेवरची हिरवी चादर त्यांनी कपाटावर टाकली, पुन्हा तिच्या मागे जाऊन तीन-चार गोष्टी विचारल्या आणि खाटेची लोखंडी कड चमच्याने वाजवून पाहिली. ती शांत बसून होती. मग ते तिच्यासमोर आले.

"हे बघा ताई, पहिल्या वेळी तुम्ही उत्तर दिलंत, ते मला लिहावं लागेल," ते म्हणाले. "नंतर वळला नाहीत, पण तेव्हा तुम्ही सावध होतात. त्याला मी किंमत देत नाही. ओठ वाचता येतात म्हणजे कान गेलेतच, असं होत नाही. कान चांगले आहेत, असंही होत नाही. आता यंत्रच सांगेल."

"सांगू द्या की," वैजयंती म्हणाली.

बोळातून पुढच्या खोलीकडे जाताना दादाभाऊने तिचा दंड धरून तिला आपल्याकडे वळवले आणि जे बोलायचे ते बोलून घेतले. आजवर कमावलेले एका मुंगळ्यापायी घालवलेस, आईला काय सांगू, असा त्याचा सूर होता. तिने ते शेवटपर्यंत वाचले. आईला मी सांगेन, एवढेच म्हणून ती आत गेली.

आतल्या खोलीत आरती नावाची तंत्रज्ञ होती. आरतीने तिला बंद खोक्यासारख्या खोलीत बसवले, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिले. आवाज आला की दाबायचे. हे यंत्र माणसाच्या खरेपणावर चालते. ज्याला फसवायचे आहे तो बटण दाबतच नाही. म्हणून आवाजांचा क्रम बदलून तेच पुन्हा विचारतात, कारण खोटे बोलणाऱ्याची उत्तरे दोन्ही वेळा सारखी येत नाहीत. वैजयंतीने बटण एकदाच दाबले, जाड, खोल आवाजाच्या वेळी. दार उघडल्यावर तिने आपणहून सांगितले, की ऐकू काही आले नाही, कानामागचे हाड थरथरले. पुन्हा केलेल्या तपासणीतही तिने बटण नेमके तिथेच दाबले. आरतीने मान डोलावली आणि शेवटच्या तपासणीची तयारी केली.

या तपासणीत माणसाला काही विचारायचेच नसते. खाटेवर निजायचे, कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवतात, कानात टकटक असा आवाज सोडतात, आणि तो आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो की नाही, ते संगणक स्वतः टिपतो. डोळे मिटून स्वस्थ पडा, असे आरतीने सांगितले. वैजयंतीला एवढेच थोडे जड गेले. तिचे डोळे मिटले की समोरचे माणूस बोलायचे थांबे. घरातही ती उगाच डोळे मिटून बसत नसे. पण तिने ते मिटले. आयुष्यभर घासूनपुसून धारदार केलेली नजर इथे कामाची नव्हती, आणि आज तेच हवे होते. यंत्राविषयी तिला शंका नव्हती. कानांविषयी तर मुळीच नव्हती. थोड्या वेळाने तिला झोप लागली, ती आरतीने खांद्याला हात लावला तेव्हा मोडली.

दुपारनंतर मंडळाने तिला आत बोलावले. भालेराव आणि आणखी दोघे डॉक्टर टेबलामागे बसले होते. अहवालाचा कागद त्यांनी तिच्याकडे वळवला. दोन्ही कानांत मोठ्यातला मोठा आवाज सोडूनही मेंदूकडून एकही लाट उमटली नव्हती. दोन्ही नसा पूर्ण निकामी होत्या. अपंगत्व कायमचे आहे आणि आधीचे प्रमाणपत्र योग्य आहे, असा निष्कर्ष खाली लिहिला होता. कार्यालयाला तसे कळवले जाणार होते. दादाभाऊ दारातून पुढे येऊन कागदावर वाकला. वैजयंतीने कागद पुरता वाचला, आईचे नाव बरोबर लिहिले आहे ना ते पाहिले आणि तो परत केला.

भालेरावांना मात्र एक गोष्ट विचारल्यावाचून राहवले नाही. मघाशी तुम्ही वळला नसतात, तर काम तिथेच निम्मे झाले असते. वळल्यामुळे सगळे तुमच्या विरुद्ध जाऊ शकत होते, हे तुम्हाला कळत होते ना, मग वळलात कशाला, असे त्यांनी विचारले.

वैजयंतीने ओढणी सारखी केली आणि त्यांच्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "तुमी विचारलं, मी सांगितलं. गप बसूनच बहिरी ठरायचं असतं, तर एवढं मशीन कशाला आणून ठेवलंय?"