आमच्या बाथरूममध्ये गिधाड राहायला आलं तेव्हा

आमच्या क्वार्टरच्या बाथरूममध्ये एक गिधाड दोन दिवस राहून गेलं, आणि त्यात गिधाडाची काहीच चूक नव्हती.

चूक असेल तर विद्यापीठातल्या आमच्या पक्षीमित्र मंडळाची, आणि मंडळातही माझी एकट्याची. मी तेव्हा बीएस्सीला होतो आणि मंडळाचा प्रचार सचिव होतो. (प्रचार सचिव म्हणजे भिंतीवर पोस्टर चिकटवणारा.) मला पक्ष्यांची फारशी आवड नव्हती. पण मंडळाची अध्यक्ष नंदिता दीदी बोलायला लागली की समोरच्याला वाटायचं, आपण आजवर फुकट जगलो. अशा भरात मी सदस्य झालो होतो.

संक्रांतीला जबलपूरच्या आकाशात पतंगच पतंग. मांज्याने जखमी झालेले पक्षी उचलून जनावरांच्या दवाखान्यात पोचवायचे, अशी मोहीम मंडळाने काढली. पाटण रस्त्यावरच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, "एक चिड़िया पड़ी है." आम्ही चौघं बुटांचा रिकामा खोका घेऊन निघालो.

शेताच्या बांधावर ती चिड़िया बसली होती. बसूनही माझ्या कमरेपर्यंत येत होती. उघडी मान, गळ्याभोवती पांढुरका पिसारा, आणि आमच्याकडे बघण्याची तऱ्हा अशी की आपण उगाच आलो असं वाटावं. एका पंखातून मांजा लोंबत होता. नंदिता दीदी हळूच म्हणाली, "गिद्ध है. अब दिखते कहाँ हैं ये." आम्ही सगळे नकळत एक पाऊल मागे सरकलो. मी दोन.

डॉक्टरांनी टाके घातले. म्हणाले, हाड शाबूत आहे, दोन दिवस बंद, शांत जागेत ठेवा, सोमवारी दाखवा. वनखात्याला सुटी होती. तिथल्या साहेबांनीही फोनवर तेच सांगितलं. आता ठेवायचं कुठे? बाकीचे सगळे हॉस्टेलवाले. मी हात वर केला. मला विचारायचं होतं की दवाखान्यातच ठेवता येणार नाही का. पण नंदिता दीदी एकदम म्हणाली, "मुझे मालूम था, तुम ही आगे आओगे." तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की माझा प्रश्न घशातच राहिला.

चादरीत गुंडाळलेलं ते गाठोडं घेऊन मी ऑटोत बसलो. ड्रायव्हरने आरशातून बघितलं. "मुर्गी है क्या भैया?"

"हाँ," मी म्हणालो. "बड़ी वाली."

घरी आई तिळाचे लाडू वळत होती. दुसऱ्या दिवशी तिचं हळदीकुंकू होतं. (ही गोष्ट मला हात वर करताना आठवली नव्हती.)

"काय आणून राहिला हे?"

"पक्षी आहे आई. जखमी आहे."

"पक्षी इतका मोठा राहते काय?"

तेवढ्यात चादर सरकली आणि मान बाहेर आली. आईने लाडू ताटात ठेवला. बाबा कारखान्यातून नुकतेच आले होते. त्यांनी एकदा गिधाडाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि दोघांत जास्त काळजी कशाची करावी ते त्यांना ठरवता येईना.

"बाथरूममध्ये ठेवतो," मी म्हणालो. "दोनच दिवस."

"आणि मी आंघोळ कुठं करू?" बाबा म्हणाले.

आईने वेगळाच प्रश्न काढला. "हे खाते काय?"

आमचं घर असं, की तिथे अंडं हा शब्दसुद्धा हळू आवाजात उच्चारला जायचा. मी त्याहून हळू आवाजात म्हणालो, "मटण."

बाबांनी खुंटीवरचा टॉवेल घेतला आणि बाहेरच्या नळावर निघून गेले. जानेवारीत.

मी सदर बाजारात जाऊन मटण आणलं. आणलं म्हणजे, दुकानाकडे पाठ करून उभा राहिलो आणि पिशवी मागे धरली. घरी बाथरूमचं दार उघडून एक तुकडा पुढे केला. गिधाडाने फुस्स असा आवाज काढला, मान खाली घातली आणि माझ्या पायांवर उलटी केली. (हा त्यांचा बचावाचा उपाय असतो, असं मागाहून कळलं.) मी बाहेर येऊन दार लावलं आणि आईला सांगितलं, "त्याला भूक नाही."

"सरक," आई म्हणाली. तिने पदर नाकाला लावला, चुलीजवळची सांडशी घेतली, तिच्यात तुकडा धरला आणि आत गेली. मी दाराच्या फटीतून बघत होतो. जन्मात मटणाला न शिवलेली माझी आई पाटावर बसून त्या गिधाडाशी बोलत होती. "काहून भेतं बाबा? लागलं का खूप? खाय, थोडं तरी खाय." आणि त्याने खाल्लं. मान पुढे करून, अगदी शहाण्यासारखं. सांडशी तिने नंतर फेकून दिली, पण तोवर ताटभर मटण संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका जमल्या. माझ्यावर एकच काम होतं, बाथरूमच्या दारात उभं राहायचं. ते मी बराच वेळ केलं. मग नंदिता दीदीला फोन करून पक्षी "माझ्या हातून" किती छान जेवला, हे सांगायची लहर आली आणि मी बाहेरच्या खोलीतल्या फोनकडे गेलो. नेमक्या तेव्हाच महिला मंडळाच्या देशमुख काकू पाय धुवायला उठल्या.

काकू परत आल्या त्या उलट्या पावलांनी. त्यांच्या मागून, म्हणजे पुढून, गिधाड आलं. निवृत्त साहेबाने आपल्या जुन्या कचेरीत फेरी मारावी, तसं चालत ते खोलीच्या मध्यावर आलं, लाडवांच्या ताटांमधून वाट काढत थांबलं, आणि त्याने पंख उघडले.

पंख इकडे सोफ्याला टेकले, तिकडे टीव्हीला. खिडकीतलं ऊन अडलं आणि खोलीत सावली पडली. एकही बाई ओरडली नाही. पंधरा-वीस बायका एकाच वेळी गप्प बसलेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या आणि नंतरही नाही. देशमुख काकू भिंतीला टेकून, देवळात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "अगं बाई. केवढा आहे हा."

मी कुठे होतो? दिवाणावर. उशी छातीशी धरून.

आईने हळदीकुंकवाचं तबक खाली ठेवलं. दिवाणावरची नवी चादर माझ्या पायांखालून ओढली, मागून जाऊन गिधाडाच्या डोक्यावर टाकली, त्याचे पंख मिटले आणि भरलेली घागर घ्यावी तसं त्याला काखेत घेतलं. "झालं बघून? चला आता," ती त्याला म्हणाली आणि आत गेली. दार लावलं, हात धुतले, परत आली आणि तबक उचलून म्हणाली, "हं, देशमुख काकू, तुमचंच राहिलं."

सोमवारी डॉक्टरांनी पंख तपासला आणि म्हणाले, सोडा. त्याच शेतात सगळे जमलो. बाबांनी अर्धी रजा घेतली होती, "बाथरूम मोकळं झाल्याची खात्री करायला." आईने चादर काढली. गिधाड बेंगरूळपणे धावलं, पडेल असं वाटलं, आणि मग जमीनच त्याच्याखालून निघून गेली. ते गोल फिरत वर वर गेलं. बाबांची मान दुखेपर्यंत वर होती.

वर्षअखेरीला मंडळाचा कार्यक्रम होता. उत्कृष्ट स्वयंसेवकाचा सत्कार होणार, असं नंदिता दीदीने मला आधीच सांगून ठेवलं होतं, "पूरे परिवार को लाना." मी भाषण पाठ केलं, नवा शर्ट घेतला. दारात पहिल्या वर्षाची एक मुलगी बिल्ले लावत होती. तिने आईला सत्कारमूर्तीचा मोठा बिल्ला लावला, पुढच्या खुर्चीकडे नेलं आणि मला विचारलं, "आप आंटीजी के साथ हैं?"

"मैं प्रचार सचिव हूँ," मी म्हणालो.

"अच्छा," ती म्हणाली. "परिवार वाले उधर बैठेंगे."

मी उधर गेलो. बाबा आधीच येऊन बसले होते. त्यांनी सरकून जागा केली. "बस," ते म्हणाले. "आणि टाळ्या जोरात वाजव. तेवढं तरी जमते ना तुला?"