वरोऱ्याचा ठिपका

मोहरीएवढा भुंगेरा, नराच्या कपाळावर दोन इवली शिंगं. लाकडावरच्या कडक बुरशीत राहतो. गडचिरोलीच्या जंगलाबाहेर तो नाहीच, असं सगळे मानत. मला मात्र तो भद्रावतीत सापडला आणि गेल्या आठवड्यात वरोऱ्यात, माझ्या शेजारणीच्या सरपणावर! भिंगाखाली शिंगं पाहिली, तो कुठे कुठे सापडतो याच्या माझ्या नकाशावर नवा ठिपका दिला आणि तिला पेढा दिला.

पेढा खाता खाता ती म्हणाली, "बाई, हे लाकूड तुमचंच ना! गेल्या साली तुमी गडचिरोलीहून पोतंभर आणलं अन् काम झाल्यावर कुंपणापाशी फेकलं. मी म्हटलं, पाणी तापवाले होईल, म्हणून उचललं."

तपासून झालेलं लाकूड फेकायची माझी जुनी खोड. भुंगेरा कसला पसरतोय! मी मूर्खच त्याला एसटीत बसवून आणत होते.

तणतणत वरोऱ्याचा ठिपका खोडला. मग हात भद्रावतीपाशी थांबला. तिथला भुंगेरा मला बहिणीच्या परसात मिळाला होता. गडचिरोलीहून येताना, पोत्यासकट, मी दरवेळी तिच्याकडेच मुक्काम करते.